पाहुणा अडवा, पैसा जिरवा: पर्यटनातून रोजगार येतो तो नेमका कुठून?

जून २०२५ मध्ये होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचंही. तेव्हापासून सोलापुरातल्या कुठल्याही कट्ट्यावर बसा, एक वाक्य कानावर येतंच: आता पर्यटन वाढणार, पोरांना कामासाठी पुण्याला जायची गरज नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झाली तेव्हाही हेच ऐकलं होतं. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात तर दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असं उद्दिष्टच लिहिलेलं आहे.

एसटी स्टँडसमोरच्या एका रिक्षावाल्याला मी याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "माणसं लै येतेत की. उतरतेत आणि विचारतेत, अक्कलकोटची गाडी कुठं लागती? ऱ्हातंय कोण इथं?"

मला जे सांगायचंय ते बहुतेक त्याच्या या शेवटच्या प्रश्नात आलंय. बाकी नुसता हिशेब आहे, पण तो एकदा मांडून बघण्यासारखा आहे.

पर्यटक कोणाला म्हणायचं?

पर्यटक म्हटलं की आपल्याला महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाणारा माणूस दिसतो. हिशेबातला पर्यटक वेगळा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या व्याख्येत तो नेहमीच्या परिसराबाहेर गेलेला, तिथं किमान एक रात्र काढणारा, वर्षाच्या आत परतणारा आणि तिथं नोकरी करायला न आलेला माणूस आहे. येण्याचं कारण काहीही चालतं. कलबुर्गीहून वडिलांचं ऑपरेशन करायला आलेला आणि हॉस्पिटलजवळच्या लॉजवर राहिलेला मुलगा पर्यटकच. टॉवेलची ऑर्डर द्यायला आलेला व्यापारी पर्यटक. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेला बहिणीकडे येऊन दोन दिवस राहिलेला भाऊसुद्धा पर्यटक. सकाळी येऊन संध्याकाळी गेलेल्याला मात्र वेगळ्या रकान्यात टाकतात.

एका रात्रीवर एवढा जोर कशासाठी? मुक्काम करणाऱ्याला रात्रीचं जेवण लागतं, सकाळचा नाश्ता लागतो, अंघोळीला गरम पाणी, धुतलेली चादर, टॉवेल, खोली झाडणारं कोणीतरी, सकाळी सोडायला रिक्षा. यातलं प्रत्येक काम कुणाच्या तरी हातांनी होतं. दर्शन घेऊन लगेच निघालेल्याला पार्किंग आणि चहा एवढं पुरतं.

आत्याचा रविवार

मागच्या हिवाळ्यात माझी पुण्याची आत्या, भाऊजी आणि घरची मंडळी, सहा जण, गाडी घेऊन आले. पहाटे चारला निघाले, नऊच्या आसपास तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, साडेचारला सोलापूर, साडेपाचला परत पुण्याच्या वाटेवर. मी भाऊजींकडून त्या दिवसाचा खर्च लिहून घेतला. त्यांना वाटलं मी वर्गणी काढतोय.

पेट्रोल आणि टोल मिळून पाच हजार. इंदापूरच्या अलीकडं नाश्ता सातशे. तुळजापुरात ओटी, हळदकुंकू, चारशे. अक्कलकोटला हार-नारळ-पेढे तीनशे, पार्किंग पन्नास. जेवण अन्नछत्रात महाप्रसाद म्हणून झालं, भाऊजींनी ५०१ ची पावती फाडली. सोलापुरात दोन चादरी बाराशे, शेंगा चटणी दोनशे, कडक भाकरीची पाकिटं दीडशे, चहा एकशेवीस. रात्रीचं जेवण पुन्हा इंदापूरच्या पुढं, अठराशे.

बेरीज दहा हजारांच्या वर गेली. सोलापूर शहराच्या वाट्याला आले १,६७० रुपये. तुळजापूर तर धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे अक्कलकोट धरूनही जिल्ह्यात अडीच हजार. सगळ्यात मोठी रक्कम पेट्रोलची, आणि ती सोलापूरच्या पंपावर भरली असती तरी पंपमालकाच्या हातात लिटरमागं काही रुपयांचं कमिशनच राहतं.

आकडेवारीत मात्र "सहा भाविकांनी भेट दिली" अशी नोंद होणार. कुठल्याही देवस्थानाच्या गर्दीचे आकडे वाचताना मला आता ते सहा जण आठवतात.

शंभराची नोट आणि वळवाचा पाऊस

सोलापूरकराला पाणलोट शिकवायला नको. वळवाचा पाऊस तासभर बदाबदा कोसळतो, ओढा दुथडी भरून वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीत डोकावलं तर तळ तसाच. पाणी ओढ्यातून सीनेत गेलं, सीनेतून भीमेत, तिथून कर्नाटकात. पाऊस भरपूर झाला, पण अडवायला बांध नव्हता. म्हणून तर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' भिंती-भिंतींवर लिहिलं गेलं.

पाहुण्याच्या पैशाचं असंच होतं. समजा त्यानं इथं शंभर रुपये खर्च केले. त्यातले साठ गावातल्याच माणसांना मिळाले आणि चाळीस बाहेर गेले: बाहेरून आणलेला माल, दूरच्या मालकाचा नफा, बुकिंग ॲपचं कमिशन. ज्यांना साठ मिळाले त्यांनीही त्यातले साठ टक्के, म्हणजे छत्तीस, गावातच खर्च केले. पुढं एकवीस-बावीस. अशी बेरीज करत गेलं की ती २५० ला जाऊन थांबते. पहिल्या फेरीपासूनच गावात वीसच टक्के राहत असतील, तर बेरीज १२५ वर अडकते. पाहुणा तोच, नोटही तीच. या पटीला 'गुणक' म्हणतात आणि बाहेर निसटणाऱ्या भागाला 'गळती'. हे दोनच शब्द लक्षात ठेवा, आणखी जड शब्द मी वापरणार नाही.

आत्यानं घेतलेल्या चादरींचंच बघा. चादर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या कारखान्यात विणलेली असेल, तर तिच्या किमतीत कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी आहे, यंत्रमाग चालवणाऱ्याची आहे, रंगाई आणि शिलाईवाल्याची आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे ते याचसाठी. पण पानिपतहून आलेली स्वस्त चादर 'सोलापुरी' सांगून विकली जाते, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. तशी चादर असेल तर दुकानदाराचा नफा इथं राहिला, उरलेलं सगळं हरियाणात. आत्याला फरक कळणार नाही. पूर्व भागाला कळतो.

लॉजवर मिळणाऱ्या टॉवेलचंही तेच. सोलापूरचे टर्किश टॉवेल परदेशी जातात. इथल्या किती लॉजवाल्यांनी इथलाच टॉवेल ठेवलाय, हे कोणीतरी एकदा फिरून बघायला हवं.

मालदीवमध्ये हीच गोष्ट देशाच्या पातळीवर झाली. तिथं वर्षानुवर्षं एका बेटावर एक रिसॉर्ट अशी पद्धत होती. पाहुणा विमानातून उतरायचा, बोटीनं थेट रिसॉर्टवर जायचा. धान्य, भाज्या, फळं बरीचशी बाहेरून यायची, कामगारही मोठ्या संख्येनं परदेशी. देशाचं उत्पन्न वाढत होतं, पण शेजारच्या वस्तीच्या बेटावरच्या कोळ्याच्या घरात त्यातलं थोडंच पोचायचं. २००९ च्या सुमारास सरकारनं वस्तीच्या बेटांवर साधी अतिथिगृहं चालवायला परवानगी दिली. पर्यटक गावातल्या गल्लीत राहायला लागला तेव्हा किराणा दुकान, होडी, खानावळ यांचा धंदा सुरू झाला.

नोकऱ्या खरंच निर्माण होतात का?

होतात, आणि गरीब देशांत जास्तच. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार देशाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे, पण रोजगारात तो जवळपास तेरा टक्के. २०२३-२४ मध्ये थेट आणि आडवळणानं मिळून साडेआठ कोटींच्या आसपास माणसं त्यावर जगत होती. थेट म्हणजे लॉजचा मॅनेजर, गाइड, टॅक्सीवाला. आडवळणानं म्हणजे त्या लॉजला दूध घालणारा आणि चादरी धुणारा परीट.

हे आकडे ऐकून लोक टाळ्या वाजवतात. मला त्यांत दुसरंही दिसतं. पाच टक्के उत्पन्न तेरा टक्के लोकांत वाटलं जातंय, म्हणजे माणशी वाटा लहान आहे. कामं पुष्कळ आहेत आणि पगार कमी आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात आहेत.

तरीही ही कामं कुणाला मिळतात ते बघायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभर पर्यटनातल्या कामगारांत ५४ टक्के स्त्रिया आहेत. इतर व्यवसायांचा मिळून आकडा ३९ टक्के. आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एक बाई आहेत. तीस वर्षं विड्या वळल्या, हजार विड्यांमागं मजुरी. आता सकाळी सातपासून कडक भाकरी करतात. ज्वारीच्या पिठात कडकडीत पाणी, मळून झालं की तळहाताच्या कडेनं थापत थापत भाकरी एवढी पातळ करायची की खालच्या परातीचा रंग दिसावा. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की शेगडीला टेकवून उभी ठेवायची, आतलं पाणी सगळं जाईपर्यंत. एक भाकरी मोडली तर पाकीट मोडतं, म्हणून त्यांचं सगळं लक्ष उचलताना असतं. ज्वारी मंगळवेढ्याची, पीठ गल्लीतल्या गिरणीत, शेंगा चटणी जावेकडं उखळात कुटलेली, तेल सुटलेली. आत्याच्या दीडशे रुपयांतले जवळजवळ सगळे या साखळीत राहिले. बाई म्हणाल्या, "विडीला नाकातोंडात तंबाखू जायचा. ह्याला फकस्त हात भाजतेत."

"रस्ते, रेल्वे, विमान झालं की बाकी आपोआप होईल ना?"

हा सगळ्यात लाडका समज, आणि मला तो अर्धवट वाटतो. सोय वाढली की माणसं वाढतात, पण मुक्काम घटू शकतो. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी नव्हता तेव्हा आत्याला तुळजापूर-अक्कलकोट एका दिवसात जमलंच नसतं. आमच्याकडं नाहीतर लॉजवर एक रात्र नक्की पडायची. रस्ता चांगला झाला आणि ती रात्र गेली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. तो पूर्ण झाला की भाविकाचा त्रास वाचेल, हे चांगलंच. पण उत्तरेकडून येणाऱ्याला तुळजापूरसाठी सोलापुरात उतरायचंही कारण उरणार नाही.

वंदे भारतचं वेळापत्रक मात्र बघण्यासारखं आहे. मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास निघते आणि सोलापुरात रात्री पावणेअकराच्या आसपास पोचते. परतीची गाडी पहाटे सहाला. म्हणजे मुंबईकराला दर्शन घ्यायचं तर पोचल्या रात्री मुक्काम आणि पहाटेची गाडी पकडायची म्हणून दुसऱ्या रात्रीही. कुणी ठरवून केलं नसेल, पण या वेळापत्रकात सोलापूरच्या दोन रात्री आहेत. स्टेशनबाहेर पावणेअकराला गरम जेवण मिळणाऱ्या जागा किती आहेत, तो वेगळा प्रश्न.

आणि मधला दिवस? तो भरायला आपल्याकडं काही नाही, असं आपणच म्हणत असतो. सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला शहराच्या मध्यात. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या डॉ. कोटणीसांचं स्मारक, जिथं चीनमधून पाहुणे येतात. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यात कोरलंय, 'वाछितो विजेया होईवा', जो वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाचणाऱ्यासाठी लिहून ठेवलं आणि आपण पाहुण्याला तिथं जायचा बोर्डसुद्धा धड दाखवत नाही.

"भाविक कुठं खर्च करतात?"

वारकरी पिशवीत भाकरी बांधून येतो, हे खरं. त्याच्याकडून हॉटेलचा धंदा होत नाही. पण पंढरपूरच्या चुरमुऱ्याच्या भट्ट्या, बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, टाळ हे सगळं त्याच्याच जिवावर उभं आहे. माणशी खर्च थोडा, पण तो जवळजवळ पूर्ण गावातच. मालदीवच्या रिसॉर्टमधल्या पाहुण्याचं नेमकं उलटं. जिरण्याच्या हिशेबात वारकऱ्याचे पन्नास रुपये बड्या पाहुण्याच्या पाचशेंच्या बरोबरीला येऊ शकतात. म्हणून पंढरपुरात कॉरिडॉरची, म्हणजे मंदिराभोवतीचे रस्ते रुंद करण्याची, चर्चा निघाली की मंदिराभोवतीचे दुकानदार आणि रहिवासी विरोधाला उभे राहतात, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. गर्दीला जागा हवी हे मान्य, पण पैसा जिरवणारी माणसं तीच आहेत. रस्ता रुंद करताना तीच उठून गेली तर रस्त्यावरून वाहणारा पैसा अडवायला राहिलं कोण?

"हंगाम संपला की काय?"

याबाबतीत सोलापूरचं नशीब बरं आहे. जानेवारीत गड्डा आणि नंदीध्वज, डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा, हिवाळ्यात उजनीवर रोहित पक्षी, चैत्रात स्वामींचा प्रकटदिन आणि पुण्यतिथी, मग आषाढी, नवरात्र, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारी निम्मं सोलापूर, कार्तिकी, दत्तजयंती. रिकामा राहतो तो मे महिना, आणि त्या उन्हात आम्हीसुद्धा घराबाहेर पडत नाही.

खरा धोका एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवण्याचा. २०२० च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, गावात संचारबंदी होती. मंदिरं उघडली ती नोव्हेंबरात, पाडव्याला. त्या आठ महिन्यांत बुक्का विकणाऱ्याला दुसरा धंदा नव्हता. जगभर त्या वर्षी पर्यटनातल्या ६.२ कोटी नोकऱ्या गेल्या, असा पर्यटन उद्योगाच्या जागतिक परिषदेचा हिशेब आहे.

"गिरण्यांची जागा पर्यटन घेईल?"

नाही. इथं मला गोलमोल बोलायचं नाही. जुनी गिरणी १८७७ ची. तिथं आणि लक्ष्मी-विष्णूमध्ये ज्यांचे आजोबा कामाला होते त्यांना विचारा. कायम नोकरी, बोनस, प्रॉव्हिडंट फंड, भोंगा वाजला की सुटी. लॉजवरच्या पोराला यातलं काही नाही. त्याला बारा तास काम, आणि मालकानं 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की संपलं. पर्यटन हा पूरक धंदा आहे, शेतीला जशी दुभती म्हैस. म्हैस आहे म्हणून जमीन विकायची नसते. यंत्रमाग, टॉवेल, डाळिंब टिकलं तरच पाहुण्याला विकायला इथलं काही राहील.

माळढोक कुणाचा?

१९७९ मध्ये नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, म्हणजे त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, शेतकरी वैतागला, आणि पक्षी म्हणजे डोक्याला ताप असं समीकरण बसलं. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक दिसणंच दुर्मीळ झालं होतं. आज तिथं काळवीट दिसतात.

आफ्रिकेतल्या रवांडाकडं गोरिला आहेत. ते बघायचा परवाना २०१७ पासून माणशी दीड हजार डॉलर. उद्यानांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा आजूबाजूच्या गावांना जातो; आधी तो पाच टक्के होता, २०१७ मध्ये दहा केला. शाळा, पाण्याच्या टाक्या त्यातून झाल्या. त्या गावकऱ्याला गोरिला जिवंत राहण्यात फायदा दिसतो. नान्नजच्या शेतकऱ्याला माळढोकानं सात-बारावरच्या कटकटीशिवाय काय दिलं, हे त्यालाच विचारा.

"आणि पाणी?"

या आक्षेपाला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. ११७ टीएमसीचं उजनी जिल्ह्यातच, आणि शहरात नळाला पाणी काही दिवसांआड. लॉजवाला टँकर आणतो, शेजारची बाई घागर घेऊन उभी. मुक्काम वाढवा म्हणताना प्रत्येक मुक्कामामागं अंघोळ आहे, धुणं आहे, हे विसरून चालत नाही. पाहुण्यांसाठी पाणी आलं आणि गल्लीत आलं नाही, तर लोक पाहुण्यालाच शिव्या घालतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

परवा भाऊजींचा फोन आला. जानेवारीत हुरड्याला यायचं म्हणतायत, मोहोळकडं कुणाच्या तरी शेतावर, आणि जमलं तर नंदीध्वजाची मिरवणूक. यावेळी दोन रात्री. लॉज कुठलं चांगलं, असं विचारत होते.

"लॉज कशाला? घर आहे की," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की लॉजवाल्याच्या दोन रात्री मीच बुडवल्या.